परवानगीच्या दारात उभे राहिलेले वालचंद

बारावीनंतर कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरताना आपल्यापैकी निम्म्या जणांनी तरी सांगलीचं वालचंद वरच्या नंबरांत टाकलं असेल. काहींनी सोलापूरचं वालचंद टाकलं असेल. कटऑफ किती, मेकॅनिकलला किती, कॉम्प्युटरला किती, हे सगळं आपल्याला तोंडपाठ होतं. पण वालचंद हे एका माणसाचं नाव आहे, आणि त्या माणसाने स्वतः इंजिनिअरिंगची पदवी तर सोडाच, कुठलीच पदवी घेतलेली नव्हती, हे किती जणांना माहीत होतं? मला तरी नव्हतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे आम्हाला एडिसन आणि हेन्री फोर्ड यांचे धडे होते. सोलापूरचा एक माणूस त्याच फोर्डच्या गावी जाऊन भारतात मोटार बनवायची बोलणी करून आला होता, हे आमच्या पुस्तकात कुठेच नव्हतं. म्हणून या वर्षी मराठी विभागासाठी लेख मागितले तेव्हा मी हाच विषय घ्यायचं ठरवलं.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणं दिगंबर जैन, मूळचं सौराष्ट्रातलं, पण पिढ्यान्पिढ्या सोलापूर भागात रुळलेलं. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गेले, पण पदवी न घेताच परत आले. घरचा धंदा चांगला चालला होता. गादीवर बसून व्याज मोजायचं, एवढंच करायचं होतं. पण त्यात त्यांचं मन रमेना.

विशी ओलांडली तेव्हा, म्हणजे साधारण आपल्या वयाचे असताना, त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि पुढे कंत्राटदारीकडे वळले होते. एकाकडे कामाची माहिती, दुसऱ्याकडे भांडवल आणि धाडस. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं. ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी, जी पुढे लातूरपर्यंत जायची. म्हणजे वालचंदांच्या कामाची सुरुवात आपल्या मराठवाड्याच्या उंबरठ्यावर झाली असं म्हणायला हरकत नाही.

पुढे कंत्राटं मोठी होत गेली. मुंबई-पुणे रेल्वेसाठी बोरघाटातले बोगदे, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळांचं काम, सिंधू नदीवरचा पूल, ब्रह्मदेशात इरावतीवरचा पूल. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. सिव्हिलच्या मित्रांनी ही कंपनी प्लेसमेंटच्या निमित्ताने ऐकलेली असेल. हे सगळं वाचताना मला वाटलं की ही एका यशस्वी कंत्राटदाराची गोष्ट आहे आणि ती इथे संपायला हरकत नव्हती. पैसा होता, नाव होतं. पण खरी गोष्ट इथून सुरू होते. कारण कंत्राटदार सरकारने सांगितलेलं काम करतो. वालचंदांना आता सरकारने न सांगितलेलं काम करायचं होतं, आणि त्यासाठी लागते परवानगी.

पहिला अनुभव जहाजांचा. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकायला निघालं होतं. युद्धात ते हॉस्पिटल म्हणून वापरलं गेलं होतं. नाव एस. एस. लॉयल्टी. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास या मंडळींनी ते घेतलं आणि कंपनीला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन असं नाव दिलं. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघालं. ५ एप्रिल हा आज आपण राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळतो तो त्यामुळेच.

पण समुद्रावर तेव्हा ब्रिटिश कंपन्यांचं राज्य होतं आणि त्यांचे सर्वेसर्वा होते लॉर्ड इंचकेप. या कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर इतके पाडले की नव्या कंपनीने श्वास घेऊ नये. बाजारात टिकता येईना अशी वेळ आणायची आणि मग आपल्या अटींवर सही घ्यायची, ही पद्धत काही आजची नाही. मधल्या काळात इंचकेप यांनी सिंदिया कंपनीच विकत घ्यायची तयारी दाखवली. ती नाकारली गेली. शेवटी १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. त्याप्रमाणे सिंदियाने फक्त किनाऱ्यालगतची मालवाहतूक करायची, ठरलेल्या टनेजपेक्षा जास्त जहाजं ठेवायची नाहीत, आणि प्रवासी वा परदेशी वाहतुकीत शिरायचं नाही.

आता विचार करा. जिचं पहिलं जहाज थेट लंडनला गेलं, त्याच कंपनीने चार वर्षांनी लंडनला जाणार नाही असं लिहून दिलं. आपल्याला हा पराभव वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण दुसरा पर्याय होता कंपनी बुडण्याचा किंवा विकण्याचा. जाचक अटी मान्य करून का होईना, कंपनी जिवंत राहिली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी वारले आणि वालचंद अध्यक्ष झाले. पुढे वीसेक वर्षं त्यांनी ती चालवली. अट मान्य करणं म्हणजे हार मानणं नव्हे, मुदत मिळवणं असतं, हे मला इथे पहिल्यांदा कळलं.

मधल्या काळात त्यांनी शेती आणि साखर यांतही हात घातला. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव, आणि पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगर. रावळगाव म्हटलं की आपल्याला फक्त गोळ्या आठवतात. लहानपणी दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी हातावर ठेवायचा ना, त्याच. तो ब्रँड २०२४ मध्ये एका मोठ्या उद्योगसमूहाने विकत घेतला. वालचंदनगरला साखर कारखान्याच्या आधाराने यंत्रं बनवणारा कारखाना उभा राहिला. पण हा भाग मी पटकन सोडते, कारण मला मोटारीकडे यायचं आहे.

१९३० च्या दशकात भारतात मोटारी मिळत होत्या, पण बनत नव्हत्या. फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्या सुटे भाग बोटीने आणायच्या, मुंबईसारख्या बंदरात जोडायच्या आणि इथल्या डीलरमार्फत विकायच्या. इथल्या माणसाचं काम होतं नट आवळायचं आणि गाडी विकायचं. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना हे पटत नव्हतं. १९३५ मध्ये त्यांनी युरोप-अमेरिकेचा दौरा करून मोटार कारखान्याची योजना तयार केली. वालचंदांनी ती उचलून धरली. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं आणि त्यांनी अनुकूलता दाखवली. आता काम होणार असं वाटत असतानाच महायुद्ध सुरू झालं. १९३९ च्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि फाइल पुन्हा गव्हर्नरच्या टेबलावर गेली.

त्याच वर्षी वालचंद अमेरिकेत डेट्रॉइटला गेले. इथे मला थोडं विषयांतर करायचं आहे, कारण डेट्रॉइटची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही.

अमेरिकेत जॉर्ज सेल्डन नावाच्या वकिलाने १८९५ मध्ये मोटारगाडीचं पेटंट मिळवलं होतं. पुढे काही कारखानदारांनी एकत्र येऊन त्या पेटंटवर परवाना देणारी संघटना काढली. ज्याला मोटार बनवायची त्याने संघटनेचा परवाना घ्यायचा, तिच्या अटी पाळायच्या आणि प्रत्येक गाडीमागे रॉयल्टी भरायची. हेन्री फोर्ड या संघटनेच्या बाहेर राहिले. मग १९०३ मध्ये दावा दाखल झाला. तो फक्त फोर्डवर नव्हता. न्यूयॉर्कमध्ये फोर्डच्या गाड्या विकणाऱ्या डीलरलाही प्रतिवादी केलं होतं! परवाना नसलेली गाडी विकाल किंवा घ्याल तर कोर्टात खेचू, अशा जाहिराती संघटनेने दिल्या. उलट फोर्डने आपल्या डीलरना आणि गिऱ्हाइकांना संरक्षण देण्याची हमी दिली. १९०९ मध्ये निकाल फोर्डच्या विरोधात गेला. १९११ मध्ये अपिलात तो फिरला. पेटंट ज्या प्रकारच्या इंजिनाचं होतं तशा प्रकारचं इंजिन फोर्ड वापरतच नाहीत, असं कोर्टाने ठरवलं. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात ऑटो सायकल आणि ब्रेटन सायकल यांतला फरक पाच मार्कांना येतो. त्या फरकावर एका कंपनीचं नशीब ठरलं होतं, कारण सेल्डन यांचं इंजिन ब्रेटनच्या जातीचं होतं आणि बाजारातल्या गाड्या ऑटोच्या.

परवान्याविरुद्ध आठ वर्षं लढलेल्या या फोर्ड कंपनीकडे वालचंद गेले. आणि तिथे काय आडवं आलं असेल? तर हक्कांची वाटणी! ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक देशांचे हक्क फोर्ड ऑफ कॅनडाकडे दिलेले होते. भारत त्यांच्या वाट्याला. त्यामुळे डेट्रॉइटला बोलणी होऊन उपयोग नव्हता, कॅनडाने मान्यता द्यायला हवी होती. ती मिळाली नाही. जी कंपनी इथे तयार भाग पाठवून आपल्या डीलरमार्फत धंदा करते आहे ती इथे कारखाना काढायला कशाला मदत करेल, हे आपल्यालाही कळतं.

वालचंद तिथेही थांबले नाहीत. १९४० मध्ये त्यांनी क्रायस्लर कंपनीशी करार केला. तंत्रज्ञान मिळालं, जागेची तयारी झाली. म्हैसूर संस्थान बंगळूरला कारखाना घ्यायला तयार होतं. पण यंत्रं अमेरिकेतून आणायची म्हणजे डॉलर हवेत, बोटीत जागा हवी, आणि या दोन्हीच्या चाव्या भारत सरकारकडे. सरकारचं म्हणणं पडलं की मोटार कारखाना युद्धासाठी आवश्यक नाही. सैन्याला हजारो ट्रक लागत होते, ते कॅनडा-अमेरिकेतून येत होते, आणि तरी इथला कारखाना आवश्यक नाही! कायद्याने कोणी बंदी घातली नव्हती. नाही असंही कोणी तोंडावर म्हणत नव्हतं. फक्त परवानगी मिळत नव्हती. मला वाटतं कुठल्याही माणसाला थकवायला नकारापेक्षा ही पद्धत जास्त परिणामकारक आहे.

याच अमेरिकेच्या फेरीत परत येताना विमानात त्यांची ओळख विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी झाली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. मोटार बनवायला निघालेला माणूस विमानाचं बोलणं करूनच उतरला. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. म्हैसूर संस्थान भागीदार झालं, १९४१ मध्ये भारत सरकारही भागीदार झालं. मोटारीला जी परवानगी मिळत नव्हती ती विमानाला मिळाली, कारण विमान युद्धासाठी लागत होतं. पण १९४२ मध्ये, जपानी फौजा जवळ येत असताना, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्याकडे घेतला. तोच आजचा एचएएल. आपल्यापैकी किती जण एचएएलच्या अप्रेंटिसशिपची जाहिरात बघत असतात!

जहाजबांधणीचंही तसंच. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते गोदीची कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी जपान्यांनी त्या बंदरावर बॉम्ब टाकले. काम रखडलं, पण सोडलं नाही. १४ मार्च १९४८ रोजी जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आलं. पुढे ती गोदीही सरकारकडे गेली.

मोटारीचा कारखाना मात्र शेवटी मुंबईत झाला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९४७ मध्ये पहिला ट्रक बाहेर पडला. १९३५ ची योजना, १९४७ चा ट्रक. बारा वर्षं! आपली चार वर्षांची डिग्री एखाद्या बॅकलॉगने लांबली तर आपण केवढे खचतो.

कुर्ल्याहून डॉज, डिसोटो आणि फार्गो अशा तीन नावांचे ट्रक निघायचे. जुन्या ड्रायव्हर लोकांना ही नावं अजून आठवतात. गंमत अशी की ट्रक जवळजवळ एकच, फक्त समोरच्या पट्टीवरचं नाव वेगळं. क्रायस्लरने ही युक्ती डीलरसाठी काढली होती. डॉजच्या डीलरने डॉज नावाचाच ट्रक विकायचा, आणि प्लिमथ विकणाऱ्या डीलरला तोच ट्रक फार्गो या नावाने द्यायचा. म्हणजे कोणी काय विकायचं, कुठल्या नावाने विकायचं, हे डीलर ठरवत नाही. ते त्याच्या करारातल्या अटी ठरवतात.

इथपर्यंत वालचंद थकले होते. आजारपणामुळे १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. सांगलीचं कॉलेज १९४७ पासून चालू होतं, १९५५ मध्ये त्याला त्यांचं नाव मिळालं.

चरित्र इथे संपतं. पण मला पुढचं सांगायचं आहे, कारण त्याशिवाय गोष्ट एकतर्फी होईल.

वालचंद गेले त्याच वर्षी टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारने धोरण ठरवलं की जे भारतात टप्प्याटप्प्याने गाडी बनवतील त्यांनाच इथे राहता येईल. नुसते भाग जोडणाऱ्यांना नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. ज्या परवानगीसाठी वालचंद आयुष्यभर दारात उभे राहिले ती परवानगी आता त्यांच्या कंपनीच्या हातात होती, आणि बाहेर दुसरे उभे होते. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार केला. १९५४ पासून फियाट ११०० आली. तीच पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी ती हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

पण परवान्याच्या राज्यात गिऱ्हाइकाचं काय झालं? गाडी बुक करून वर्षानुवर्षं थांबायचं. म्हणून सरकारने १९५९ मध्ये मोटारींचं वाटप आणि विक्री यांवर नियंत्रण आणणारा हुकूम काढला. गाडीची किंमत सरकार ठरवणार. डीलरने त्या भावाच्या वर पैसे घ्यायचे नाहीत. कारखानदार म्हणाले की या भावात परवडत नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. किंमत तपासायला आयोग नेमला गेला. पोलाद कितीला, टायर कितीला, मजुरी किती, डीलरचं कमिशन किती, भांडवलावर वाजवी परतावा किती, असा एकेका गाडीचा हिशेब न्यायाधीशांपुढे मांडला गेला. १९७१ मध्ये निकाल लागला. निकालपत्राच्या पहिल्या ओळीत वादी म्हणून नाव कोणाचं? प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड. प्रतिवादी भारत सरकार. वालचंद गेले त्याला अठरा वर्षं झाली होती, आणि त्यांची कंपनी पुन्हा अटींवरूनच सरकारशी भांडत होती. फक्त सरकार आता आपलं होतं. किंमत ठरवण्याचा अधिकार सरकारला आहे, पण ती ठरवताना उत्पादकाला वाजवी परतावा मिळेल हे पाहिलं पाहिजे, असा त्या निकालाचा साधारण सूर.

मग बरोबर कोण? मी यावर रूममेटशी बराच वाद घातला. तिचं म्हणणं, परवाना ही कटकटच आहे, ज्याला जे विकायचं ते विकू द्या, गिऱ्हाईक हुशार असतं. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि त्याला कारण माझे मामा आहेत. मामा आपल्याच जिल्ह्यात, अंबडला, दुचाकी विकतात. ते मुख्य डीलर नाहीत, सबडीलर आहेत. म्हणजे जालन्याचा डीलर गाडी पाठवतो, मामा विकतात, कमिशन मिळतं. शोरूममधली नवी गाडी कोणाच्या नावावर नसते. ती रस्त्यावर आणायची, टेस्ट राइड द्यायची, तर आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट लागतं. हा नियम जुना आहे. २०२२ मध्ये केंद्राने तो सुधारला, मुदत एक वर्षाची पाच वर्षं केली. जुन्या गाड्या घेणाऱ्या-विकणाऱ्यांनाही २०२३ पासून अधिकृत नोंदणी लागते. २०२५ मध्ये तर आपल्या राज्याच्या परिवहन विभागाने सर्टिफिकेट नसलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमवर कारवाई केली. वाद हाच की कंपनीकडे एक सर्टिफिकेट असलं की पुरे, की प्रत्येक शोरूमला वेगळं हवं?

आमच्या मामांना या वादाची झळ बसते. सर्टिफिकेट मुख्य डीलरच्या नावाचं, दुकान मामांचं. स्वतःच्या नावावर काढायचं तर कंपनीचं पत्र हवं. कंपनी म्हणते आधी शोरूम एवढ्या फुटांचं करा, वर्कशॉप काढा, महिन्याला इतक्या गाड्या उचला. तालुक्याच्या गावात एवढ्या गाड्या कोण घेणार? मोसंबीला भाव आला तर लोक गाडी घेतात, नाही तर पुढच्या दिवाळीला बघू म्हणतात. मामांना वर्षभरात ठरवायचं आहे, कर्ज काढून अटी पुऱ्या करायच्या की दुकान बंद करून मोठ्या डीलरकडे नोकरी धरायची. आई म्हणते नोकरी बरी. मामांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

पण हेच मामा मला सांगतात की सर्टिफिकेट असायलाच पाहिजे. कारण नंबर नसलेल्या गाडीने कोणाला उडवलं तर विम्याचे पैसे मिळायची मारामार होते. घेणारा बिचारा शेतकरी असतो, त्याला कागद कळत नाही. म्हणजे अट असावी यावर त्यांचा वाद नाही. अट कोणाला डोळ्यांपुढे ठेवून केली आहे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. रस्त्यावरच्या माणसासाठी केलेली अट आणि लहान दुकानदाराला बाहेर ठेवण्यासाठी केलेली अट, दोन्ही कागदावर सारख्याच दिसतात.

वालचंदांच्या आयुष्याकडे असं पाहिलं की मला तीन प्रकारच्या अटी दिसतात. १९२३ ची अट बलवान स्पर्धकाने लादलेली. १९४० ची अट परक्या सरकारने न बोलता घातलेली. आणि १९५९ ची अट आपल्या सरकारने गिऱ्हाइकासाठी केलेली, जिच्याविरुद्ध त्यांचीच कंपनी कोर्टात गेली. पहिलीवर सही करून त्यांनी वेळ काढला. दुसरीसाठी ते दुसऱ्या दारांवर गेले, म्हैसूर, डेट्रॉइट, शेवटी कुर्ला. तिसरी त्यांच्या वाट्याला आली नाही. आली असती तर ते काय म्हणाले असते, कोण जाणे. कदाचित तेही कोर्टातच गेले असते. थोर माणसांच्या लेखात असं लिहू नये म्हणतात, पण मला वाटतं की एकेकाळी ज्याच्यावर अन्याय झाला तो नंतर कायम न्यायाच्याच बाजूला असतो असं नाही. कंपन्यांचं तर मुळीच नाही.

आपल्याला कॉलेजात यंत्र कसं बनवायचं ते शिकवतात. ते कोणाच्या परवानगीने बनतं, कोणत्या अटीवर विकलं जातं, दुसऱ्याचं पेटंट कुठे आडवं येतं, हे कोणत्याच पेपरात नाही. आपल्यातले काही जण जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात लागतील, काही पुण्याला जातील, एखादा स्वतःचा धंदा काढेल. प्रत्येकाच्या पुढे कधी ना कधी अटींचा कागद येणारच आहे. तो पूर्ण वाचावा, शेवटच्या पानापर्यंत, आणि मग ठरवावं की सही करायची, भांडायचं, की दुसरं दार शोधायचं. वालचंदांनी तिन्ही केलं. पदवी नसताना केलं. आपल्याकडे तर दोन वर्षांनी पदवीही असेल.

– तृतीय वर्ष, यांत्रिकी अभियांत्रिकी (मुलींचे वसतिगृह)